गाडीतली फुंकणी

१९ एप्रिल

भाऊजी, नमस्कार.

ह्यांना शेवटचं पोहोचवून निघताना तुम्ही मला म्हणाला होतात, काही लागलं तर कळवा. लागलं काही नाही. तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळावी असं मला वाटत नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही आणि तुम्हीही फारसं बोलत नाही, म्हणून पत्र.

बेकरी चालू आहे. मळायच्या टेबलाशी ह्यांच्या जागी आता मी उभी राहते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं काम सोडलेलं नाही, ते दुपारचं असतं. पहाटे पीठ आणि दुपारी परीक्षानळ्या, असा दिवस जातो. मला वाटलं होतं, मळायच्या खोलीत मला पाय ठेववणार नाही. झालं उलटंच. सगळ्या घरात मला तिथेच बरं वाटतं. ह्यांचा अ‍ॅप्रन मला लांब होतो, तो कमरेशी दुमडून घेते. पहिले काही दिवस पाव दगडासारखे निघाले. बाबांनी एक उचलून टेबलावर आपटून पाहिला आणि म्हणाले, "हा विकू नको, पायाभरणीला ठेव." आता बरे निघतात.

गाडीचं काम ह्यांच्यानंतर बाबांनी घेतलं आहे. इस्पितळाचं स्वयंपाकघर, मुलींचं वसतिगृह, वृद्धाश्रम आणि दोन दुकानं. सध्या गाडी उभी आहे. कारण किरकोळ आहे.

वरचं वाक्य खोडणार होते, पण राहू दे. कारण किरकोळ नाही. मागच्या गुरुवारी संध्याकाळी बाबा मैद्याची पोती आणायला गेले होते. येताना पुलावर पोलिसांनी गाडी थांबवली, नळीत फुंकायला लावलं आणि त्यांना चौकीत नेलं. कुणाला काही लागलं नाही. गाडीला ओरखडासुद्धा नाही. शिपाई म्हणाला, गाडी अगदी सरळ चालली होती, फक्त फार हळू. इतकी हळू की मागे रांग लागली, म्हणून त्याचं लक्ष गेलं.

मी आणायला गेले तेव्हा बाबा बाकावर बसले होते. मला पाहिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पोत्यांवर ताडपत्री टाकली का, हा. घरी आल्यावर म्हणाले, सकाळपासून पोट रिकामं होतं म्हणून चक्कर आली. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. तुम्हाला ते पाठ असेल.

पोलिसांनी त्यांचं लायसन्स ठेवून घेतलं आणि बदल्यात एक पिवळा कागद दिला. बाबांना वाटलं ती पावती. आपल्याकडे कुठलाही कागद आला की तो कुठे जातो हे तुम्हाला माहीत आहे. मैद्याच्या बिलांबरोबर तोही खिळ्यावर टोचला गेला. मी तो काढून मागची बाजू वाचली. कोर्टाचा निकाल काहीही लागो, ठरलेल्या मुदतीत परवाना कार्यालयाकडे लेखी सुनावणी मागितली नाही तर लायसन्स आपोआप बंद होतं, असं तिथे बारीक अक्षरात छापलेलं आहे. ह्यांच्या मित्राची बहीण वकील आहे. त्या वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टाची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते, हा कागद कुणाच्याच नाही. माणसं दारूने पकडली जातात, पण लायसन्स घालवतात ती ह्या कागदाने."

मुदत संपायच्या आत मी अर्ज दिला. कागदाला मधोमध भोक होतं. कारकुनाने त्यातून माझ्याकडे एक डोळा लावून पाहिलं आणि शिक्का मारला.

लायसन्स गेलं तर पाव पोहोचवणार कोण, हा प्रश्न आहे. मला गाडी येत नाही. तूर्त शेजारच्या गॅरेजमधला एक माणूस सकाळी तेवढा येऊन जातो. तो वाटेत मांजर दिसलं तरी हॉर्न वाजवतो, म्हणून बाबांनी त्याचं नावच हॉर्न ठेवलं आहे. पण तो रोज येऊ शकणार नाही.

तुम्ही काही करावं असं नाही. माहीत असावं, इतकंच.

वहिनी


३० जून

भाऊजी, नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. ते यायलाच हवं असं मी म्हटलंही नव्हतं, तेव्हा तुमच्याकडे काही बाकी नाही.

सुनावणी झाली. लायसन्स पूर्ण गेलं नाही. बाबांना एका वर्षासाठी बांधलेला परवाना मिळाला आहे. म्हणजे गाडी फक्त कामासाठी चालवायची, ती ठरलेल्या रस्त्यावर आणि ठरलेल्या ठिकाणी. परवान्यावर इस्पितळापासून दुकानांपर्यंत सगळी नावं लिहिली आहेत. वाटेत कुठे वळायचं नाही. कोर्टाने दंड केला आणि दर शनिवारी एका वर्गाला बसायला सांगितलं. बाबा जातात. म्हणाले, वर्गात सगळी पोरं आहेत, मीच एक म्हातारा. पहिल्या शनिवारी तोंड पाडून गेले. दुसऱ्या शनिवारी सगळ्यांसाठी पाव घेऊन गेले.

आणि गाडीत एक यंत्र बसवलं आहे. स्टिअरिंगजवळ वायरला जोडलेली एक नळी असते. तिच्यात गुणगुणल्यासारखा आवाज काढत फुंकायचं. श्वासात दारू नसेल तर हिरवा दिवा लागतो आणि मग गाडी सुरू होते. असेल तर लाल लागतो आणि इंजिन बंदच राहतं. शिवाय वाटेत मध्येच ते पिपाणी वाजवतं, तेव्हा गाडी कडेला घेऊन परत फुंकायचं. प्रत्येक फुंक आत नोंदली जाते आणि महिन्याच्या महिन्याला कार्यालयात जाते.

बाबा त्याला फुंकणी म्हणतात. पहिल्या आठवड्यात त्यांना फार लाज वाटली. इस्पितळाच्या फाटकाशीच ती वाजली आणि स्वयंपाकघरातला आचारी बाहेर उभा होता. त्याने विचारलं, "काका, बासरी कधीपासून शिकताय?" बाबा म्हणाले, "सरकारने क्लास लावलाय." त्यानंतर लाज गेली. आता ते रोज फुंकतात आणि हिरवा लागला की खिडकीतून मला हात दाखवतात. ह्यांची गाडी निघताना मी दारात उभी राहायचे, तशीच आता बाबांची निघतानाही राहते.

माझ्या माहितीप्रमाणे ते पीत नाहीत. संध्याकाळी पायरीवर चहा घेऊन बसतात आणि रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात. दिवस बरे चालले आहेत, हे लिहायला मला थोडं अवघड वाटतं. ह्यांना जाऊन पाच महिनेही झाले नाहीत. पण खोटं कशाला लिहू? पहाटे मी आणि बाबा टेबलाच्या दोन बाजूंना उभे असतो, कुणी फार बोलत नाही, आणि मला बरं वाटतं.

पुढच्या जूनला, सगळ्या नोंदी स्वच्छ राहिल्या तर, यंत्र निघेल आणि लायसन्स मोकळं मिळेल. मग बाबांना तुमच्याकडे यायचं आहे. तुमची छोटी त्यांनी पाहिलेली नाही. बसने जाऊ, मी येते बरोबर, असं मी म्हटलं. तर म्हणाले, "बसने गेलं की परत कधी निघायचं ते बस ठरवते. आपली गाडी दारात असली म्हणजे बरं. त्याने दार लावून घेतलं तरी मला गाडीत बसता येईल."

हे तुम्हाला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं.

वहिनी


२२ जानेवारी

भाऊजी, नमस्कार.

छोटीचा फोटो पोहोचला. पत्राशिवाय आला, तरी पोहोचला. बाबांनी तो बराच वेळ हातात धरला आणि कान कुणाचे आहेत यावर माझ्याशी वाद घातला. त्यांच्या मते ह्यांचे आहेत. मला कान नुसते कानच दिसले, पण मी हो म्हटलं.

थंडी फार पडली आहे. पीठ वर यायला वेळ लागतो, सगळं उशिरा होतं.

मागच्या सोमवारी गाडी भरून झाली, बाबा आत बसले, फुंकले आणि लाल दिवा लागला. मी दारातच होते. ते उतरले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी घेतलेली नाही."

मी गाडीतल्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"वास घे हवं तर," ते म्हणाले.

सासऱ्याच्या तोंडाचा वास कसा घेणार? तरी थोडा आलाच. आंबूस होता. पण त्यांना आंबूस वास नेहमीच येतो, ह्यांनाही यायचा, आता बहुतेक मलाही येत असेल. मी आत जाऊन हॉर्नला फोन केला. तो आला आणि पाव त्याच्या स्वतःच्या टेम्पोने गेले. बाबा दिवसभर पोत्यांवर बसून होते.

तुम्ही सांगायचात की बाबांपाशी प्रत्येक वेळी कारण तयार असतं. या वेळी त्यांनी कुठलंच दिलं नाही. खोकला नाही, औषध नाही, रिकामं पोट नाही. फक्त घेतलेली नाही म्हणाले. मला तेच खटकलं. कारण दिलं असतं तर निदान ओळखीचं वाटलं असतं.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. तसं बोलून दाखवलं नाही, पण त्यांना कळलं. जेवताना ताट उचलून ते आत गेले.

एका नोंदीने काही होत नाही, असं वकीलबाई म्हणतात. अजून एक झाली तर मात्र नोटीस येईल.

वहिनी


११ मार्च

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. चार ओळींचं असलं तरी ते पत्र होतं, म्हणून मी बाबांना दाखवलं नाही. तुम्ही लिहिलंत, आधी खोकल्याचं औषध होतं, मग भट्टीची धग, मग रिकामं पोट, आता यंत्र बिघडलं असेल. तुम्ही लिहिलंत की बाबा प्यायले याचा तुम्हाला तितका राग कधी नव्हताच. हो, प्यायलो, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं आणि त्यांनी ते कधी म्हटलं नाही, त्याचा होता. म्हणून तुम्ही ह्यांना शेवटचं पोहोचवायला आलात आणि बाबांशी न बोलता गेलात. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं. आता आहे.

पण यंत्र बिघडलेलं नाही आणि बाबाही खोटं बोलले नव्हते. कसं ते सांगते.

फेब्रुवारीत आणखी एकदा लाल लागला आणि नोटीस आली. दोन वेळा लाल लागल्यामुळे परवाना रद्द का करू नये, असा प्रश्न त्यात आहे. सुनावणी एप्रिलमध्ये आहे. रद्द झाला तर बाबांना वर्षानुवर्षं गाडीला हात लावता येणार नाही. हॉर्नने तर आधीच सांगितलं आहे की त्याला हे रोज जमायचं नाही. इस्पितळाने पाव दुसरीकडून घ्यायचं ठरवलं की बेकरी फार दिवस टिकणार नाही.

वकीलबाईंनी बाबांना विचारलं, गाडीत बसण्याआधी काय खाल्लं होतं? बाबा म्हणाले, पहाटे मी काही खात नाही. ते खरं आहे, मीही कधी खाताना पाहिलेलं नाही. औषध? नाही. गुळण्या करायचं काही? नाही. वकीलबाईंनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी मला नेहमीसारखं विचारलं, पीठ बघितलंस का? मी म्हटलं, बघितलं. आणि म्हणताना माझ्या तोंडात पीठ होतं.

आपल्याकडे पीठ बघणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. फुगलेल्या पिठाचा तुकडा तोडायचा, चावायचा, गालात धरायचा आणि तो कसा लागतो यावर भट्टी कधी भरायची ते ठरवायचं. बाबा ते करतात, हे करायचे, मीही शिकले. ह्याला खाणं म्हणतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एरवी बाबा पीठ बघतात आणि गाडी निघते ह्यात तासाहून जास्त जातो. पण थंडीत शेवटचा घाणा मागे राहतो. त्या सोमवारी बाबा गाल भरलेला असतानाच गाडीत जाऊन बसले असणार.

प्रयोगशाळेत मी मुलांना सांगत असते की अंदाज करू नका, करून पाहा. म्हणून मी गाडीत जाऊन बसले, पिठाचा मोठा तुकडा चावला आणि फुंकले. लाल लागला. मी आयुष्यात कधी दारूला शिवलेले नाही, भाऊजी, आणि सरकारी यंत्र मला प्यायलेली म्हणत होतं. ह्यांच्यानंतर मी एवढी मोठ्याने पहिल्यांदाच हसले असेन. मग पाण्याने चुळा भरल्या, थोडा वेळ थांबले, परत फुंकले. हिरवा.

धावत बाबांना सांगायला गेले आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की प्रत्येक फुंक कार्यालयात जाते. माझी फुंक बाबांच्या नावावर जमा झाली होती. म्हणजे नोंदी दोनाच्या तीन झाल्या. वकीलबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही प्रयोगशाळेत कामाला आहात ना? तिथे अजून छप्पर आहे का?"

पण त्यांनाही पटलं आहे. सुनावणीत हे करून दाखवू, असं त्या म्हणतात.

बाबा टेबलाला टेकून उभे होते. म्हणाले, "म्हणजे मी खरं बोललो होतो." थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाले, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं.

मी सगळं लिहून काढलं. पहिली नोंद पिठाची, दुसरी पिठाची, तिसरी माझ्या प्रयोगाची. वकीलबाईंना बाबांचीही सही हवी होती, पण बाबांना चष्मा सापडेना. दुसऱ्या दिवशीही सापडला नाही. मग माझ्या एकटीच्या सहीने दिलं.

दोन्ही वेळा पीठच होतं. एवढं तुम्ही माना.

वहिनी


९ एप्रिल

भाऊजी, नमस्कार.

काल सुनावणी झाली. सांगण्याआधी एक दुरुस्ती करते. मागच्या पत्रात दोन्ही वेळा पीठच होतं असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. दुसरी नोंद फेब्रुवारीतली, ह्यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवसाची आहे. त्या पहाटे पीठ मी बघितलं होतं. बाबा टेबलाशी आलेच नाहीत. मागच्या दाराने आले ते थेट गाडीत बसले. लाल लागल्यावर उतरले आणि माझ्याकडे न पाहता घरात गेले. मी हॉर्नला फोन केला. त्यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. पिठाचं कारण सापडल्यावर मला वाटलं, एका कारणात दोन नोंदी बसतात, तर बसवू या. बेकरी राहील, जूनमध्ये लायसन्स मोकळं होईल, बाबा छोटीला भेटतील. ह्यात कुणाचं काय बिघडतं?

आता कालचं.

खोली लहान होती, शाळेतल्या स्टाफरूमएवढी. सुनावणी घेणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, खांद्यावर शाल, समोर थर्मास. वकीलबाई, बाबा, मी, आणि माझ्या मांडीवर झाकणाच्या डब्यात पीठ. पीठ वाटेत फुगून बसमध्ये एकदा झाकण उडालं होतं, ते शेजारच्या प्रवाशाच्या पायावर पडलं. त्याची माफी मागून झाली होती.

बाईंनी आमचं म्हणणं वाचलं आणि म्हणाल्या, दाखवा. त्यांच्या टेबलावर तसलंच यंत्र होतं. बाबा आधी नुसते फुंकले, हिरवा. मग पीठ चावून फुंकले, लाल. मग चुळा भरल्या आणि पंधरा मिनिटं थांबायचं ठरलं. चार माणसांनी पंधरा मिनिटं काय करायचं? बाई कागद चाळत होत्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, घरी पाव केला तर तो बसका का होतो? बाबांनी विचारलं, पाणी कसं घेता? बाई म्हणाल्या, चांगलं कढत. बाबा म्हणाले, "मग खमीर मरतं हो. हात बुडवून बघा. हाताला कळलंच नाही पाहिजे की पाणी आहे." बाईंनी ते आमच्याच फाइलच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मग बाबा फुंकले आणि हिरवा लागला.

बाईंनी पहिल्या नोंदीवर काट मारली. तिसरीपाशी आल्या तेव्हा मी उभी राहून सांगितलं की ही फुंक माझी आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. तीही खोडली. मग मधलीवर पेन टेकवून म्हणाल्या, "ही पहिलीसारखीच, नाही का?"

वकीलबाई हो म्हणाल्या. मीही हो म्हणाले.

बाबा म्हणाले, "नाही. मधली पिठाची नाही."

पेन तिथेच राहिलं. बाईंनी विचारलं, मग कशाची?

"मधली माझी. त्या दिवशी मी प्यायलो होतो." ते बसूनच बोलत होते, आवाज चढलेला नव्हता. "थोरल्याला जाऊन वर्ष झालं होतं. पण ते कारण म्हणून सांगत नाही. हिचा तर नवरा गेला, हिने त्या दिवशी पीठ मळलं. मी प्यायलो."

"आणि गाडी चालवणार होतात?"

"सुरू झाली नाही. झाली असती तर चालवली असती."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. वकीलबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. मला वाटलं, गेलं सगळं. आणि तरी मला बरं वाटत होतं, ते का, हे मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी पाच-सहा ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. यंत्र ज्यासाठी बसवलं ते काम त्याने त्या दिवशी केलं, म्हणून परवाना रद्द नाही. पण वर्ष मधल्या नोंदीपासून पुन्हा मोजायचं. शनिवारचा वर्ग पुन्हा लावायचा. मोकळं लायसन्स येत्या जूनमध्ये नाही. पुढच्या फेब्रुवारीनंतर, तेही सगळं स्वच्छ राहिलं तर. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, लिहून देताना जपून लिहीत जा. बस, एवढंच. मी मान खाली घातली.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला बोलू दिलं असतं?"

"नसतंच," त्या म्हणाल्या, आणि हसू दाबत निघून गेल्या.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. चष्मा खिशातून काढून पुसला आणि लावला. म्हणाले, छोटी तोवर केवढी होईल? मग बऱ्याच वेळाने म्हणाले, हे त्याला लिहू नकोस, त्याला वाटेल मी ऐकवतोय.

म्हणून मी लिहिते आहे. ते वाक्य तुम्हाला ऐकायचं होतं. त्यांनी ते तुम्हाला म्हटलं नाही, शाल पांघरलेल्या एका अनोळखी बाईंना म्हटलं, आणि त्यापायी तुमच्याकडे यायचं आठ महिने लांबवलं. पण मी तिथे होते. जसं म्हणाले तसंच वर उतरवलं आहे, माझा एक शब्द घातलेला नाही. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आज पहाटे बाबा नेहमीसारखे आले, पीठ बघितलं, चुळा भरल्या, हात पुसले. निघताना हिरवा लागला. हात दाखवला त्यांनी. मी ह्यांच्या जागी उभी होते आणि पाव चांगले फुगले होते. मी समाधानात आहे, भाऊजी. ह्यांना हे आवडलं असतं की नसतं, हे मी हल्ली रोज विचारत नाही.

राहता राहिलं एक. परवाना नवा करून दिला आहे आणि त्यात एक ठिकाण वाढलं आहे. बस स्टँडच्या कॅन्टीनला आजपासून आपला पाव जातो. बाबा तिथे सकाळी सातच्या सुमाराला पोहोचतात. कॅन्टीनवाला सांगत होता, तुमच्याकडून येणारी बस त्याच्या थोडी आधी लागते. परवान्यात पाव न्यायचा असं लिहिलं आहे. येताना माणसं आणू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही, मी दोन्ही बाजू वाचल्या. वकीलबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला विचारू नका. तोवर ट्रे बरेच रिकामे झालेले असतात, मागे दोन माणसं नीट बसतात. छोटीला पुढे बसवता येईल.

बाबांना मी काही बोललेले नाही. तुम्ही आलात तर कॅन्टीनच्या दाराशी उभे राहा. निघण्याआधी ते फुंकतील, त्याला जरा वेळ लागतो. तेवढं थांबा.

वहिनी